थरथर सुटली म्हणजे थोडंच उरलंय

बाळंतपणाच्या तयारीच्या क्लासमध्ये शिकलेलं श्वासाचं तंत्र शेवटच्या कळांत साफ विसरायला होतं, हे अगदी खरं. पण म्हणून क्लास फुकट गेला, असं कुणी म्हटलं तर ते पटत नाही. आपण विसरतो, सोबतच्या माणसाला आठवलं तरी पुरतं. गर्भपिशवीचं तोंड ७-८ सेंटिमीटरपासून १० पर्यंत उघडतं तो हा टप्पा. कळा २-३ मिनिटांनी येतात, मिनिट-दीड मिनिट टिकतात. याच वेळी पुष्कळ जणींना थरथर सुटते, उलटी होते आणि 'मला नाही जमणार, घरी न्या' असं तोंडातून निघतं. हे लक्षण सोबतच्या माणसाला आधी सांगून ठेवा, नाहीतर तेच घाबरतं.

माझ्या दुसऱ्या वेळी, फोंड्यात, जुलैच्या धो धो पावसात माझे दात वाजत होते. नणंदेनं ओला नॅपकिन मानेवर ठेवला, तळव्यानं कंबर दाबून धरली आणि म्हणाली, "वहिनी, फक्त ही एक कळ. पुढची मागाहून बघू." जोर करावासा वाटला तेव्हा सिस्टरनं तपासलं, तोंड पूर्ण उघडायला अजून थोडं बाकी होतं. मग जोर लागू नये म्हणून कुशीवर वळवून, चूल फुंकतात तशा लहान लहान फुंकरा मारायला लावल्या. चार-पाच कळा तशाच काढल्या. बाईच्या पसंतीचं माणूस प्रसूतीत सोबत असावं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींतही आहे. तेव्हा दवाखान्यात नाव घालतानाच विचारून घ्या, आत कुणाला येऊ देतात ते.