संत्र्याची साल, गवती चहा आणि ज्येष्ठमध

प्रश्न (धरमपेठ): मृग बहाराची संत्री आली की घरात सालींचा ढीग साचतो. त्या वाळवून गवती चहाबरोबर रोज घेता येतील का, आणि आईला रक्तदाबाचा त्रास असताना त्यात ज्येष्ठमध घालावे का?

उत्तर (प्रतापनगर): साली कोमट पाण्यात चोळून धुवाव्यात, आतला कडवट पांढरा भाग खरवडावा आणि त्या सावलीत वाळवाव्यात, आपल्याकडच्या उन्हात त्या झटपट वाळतात खऱ्या, पण सुगंधी तेल उडून जाते. गवती चहाही उकळत ठेवू नये. पाण्याला उकळी येताच गॅस बंद करून पाने व साल टाकावी आणि पाच-सात मिनिटे झाकण ठेवावे. दूध घालण्याचा मोह माझ्या मते आवरावा.

उत्तर (महाल): ज्येष्ठमध टाळावेच. त्यातील ग्लिसिरायझिनमुळे शरीरात सोडियम साठते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब वाढू शकतो. गोडीसाठी बडीशेप पुरेशी आहे.

उत्तर (मानेवाडा): उन्हाळ्यासाठी लाल अंबाडीची वाळलेली बोंडे भिजवून गार पेय करावे, रंग आणि आंबटपणा दोन्ही उत्तम येतात. मात्र अंबाडीने रक्तदाब काहीसा उतरू शकतो, म्हणून आपल्या आईंच्या गोळ्या सुरू असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.