"सलाईन कमी लावून पेशंट सुकवला" या पोस्टला उत्तर

वर्धेची सिस्टर: काल इथं कोणीतरी टाकलं, आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन पाच तास चाललं अन् बाटल्या तीनच, डॉक्टरनं पेशंट सुकवला. वाचून डोकंच तापलं. बारा वर्षं ऑपरेशन थिएटरात उभी आहे मी. बाटल्या मोजून हिशोब नसतो जी. जास्तीचं पाणी नसेत टिकत नाही, बाहेर झिरपतं, आतडं सुजतं, जोडलेली जागा फाटायची भीती, फुफ्फुसात साचलं की दम लागतो. अन् नॉर्मल सलाईनच्या एका लिटरात ९ ग्रॅम मीठ असतं, ते कुठं जाणार?

दारव्ह्याचा कापूसवाला: माह्या बाबाले असंच कमी देल्लं होतं, अन्ननलिकेचं ऑपरेशन. दुसऱ्या दिवशी पिशवीत बोटभर लघवी, थे बी चहासारखी. दोनदा डायलिसिस झालं. कोणी काही सांगे ना. मंग हे सुकवणं नाई त काय?

आर्वीकर: आधी गावातलं बोला ना. निंदणाच्या दिवसात बायका थकल्या की पिवळी बाटली लावून घेतात, ताकद येते म्हणे! तिथूनच हे बाटलीचं वेड.

कापूसवाला: बायकाईले नावं ठेवू नका. दवाखान्यात दुपारी कोणी भेटत नाई, मंग जाईन कुठी ते? एसीत बसून लिवणं सोपं हाय.

आर्वीकर: एसी? मी स्वतः वावरात राबतो, तोंड सांभाळून बोला.

चंद्रपूरची सून: भांडा तुम्ही. माझ्या सासूबाईंना मे महिन्यात ऑपरेशनच्या आदल्या रात्री दहापासून पाण्याचा थेंब नाही, नंबर लागला दुपारी एकला. ओल्या कापसानं ओठ पुसत बसले होते मी. नंतर कळलं, साधं पाणी भुलीच्या दोन तास आधीपर्यंत चालतं बऱ्याच पेशंटला. आधी कोरडं पाडायचं अन् मग बाटल्यांवर वाद.

सिस्टर: हे मात्र खरं, आमच्याकडंही होतं असं, मला पटत नाही. अन् कापूसवाले दादा, तुमच्या बाबांचं मी खोटं नाही म्हणत. २०१८ मध्ये पोटाच्या मोठ्या ऑपरेशनच्या ३००० पेशंटचा अभ्यास आला, हात आखडून पाणी दिलेल्यांत किडनीला इजा ८.६ टक्के, मोकळ्या हातानं दिलेल्यांत ५. म्हणजे आखडणंही वाईटच. बीपी, रक्तस्राव, लघवी बघत, सोय असेल तिथं हृदय ठोक्याला किती रक्त फेकतं ते मोजून द्यायचं.

कापूसवाला: हे पयलेच लिवलं असतं त एवढं झालं नसतं. पुढच्या महिन्यात मायचं ऑपरेशन हाय. लघवी किती झाली, मी दर तासाले इचारीन, सिस्टरले राग आला तरी.

सिस्टर: विचारा. वहीत लिहून पण ठेवा.