‘सिग्नल पडला’ आणि ‘सिग्नल लागला’

प्रश्न : चौकात हिरवा दिवा दिसला की वडील म्हणतात, ‘सिग्नल पडला, चल.’ मुलगी विचारते, ‘आजोबा, कुठे पडला? खांबावरच तर आहे!’ आम्ही ‘सिग्नल सुटला’ म्हणतो. मग हे ‘पडणे’ आले कुठून?

प्रतिसाद : वडील अगदी बरोबर बोलतात, ताई. ही रेल्वेची बोली. पूर्वी रेल्वेच्या सिग्नलच्या खांबावर एक लांब पट्टी असे, तोच सिग्नलचा हात. हात आडवा असेतो गाडी उभी. हात खाली झुकला की वाट मोकळी, म्हणजे ‘सिग्नल पडला’. रस्त्यावरचा सिग्नलही रेल्वेच्याच घरचा. १८६८ च्या डिसेंबरात लंडनला संसदेबाहेर पहिला सिग्नल उभारला तो जे. पी. नाइट या रेल्वेच्या अभियंत्याच्या कल्पनेतून. हात आडवे तर थांबा, तिरपे तर जपून जा; रात्री लाल-हिरवे गॅसचे दिवे. काही आठवड्यांतच गॅसचा स्फोट होऊन तो चालवणारा पोलीस जखमी झाला आणि प्रयोग मागे पडला.

विजेचा सिग्नल आला तेव्हा हात गेला. ५ ऑगस्ट १९१४ ला अमेरिकेत क्लीव्हलँडच्या युक्लिड अॅव्हेन्यूवर बसवलेल्या सिग्नलला लाल आणि हिरवा एवढेच दिवे होते. चौकीत बसलेला पोलीस बटणाने ते बदलायचा, बदलण्याआधी घंटी वाजायची. पिवळा दिवा १९२० मध्ये डेट्रॉइटच्या विल्यम पॉट्स या पोलीस अधिकाऱ्याने आणला, तोही रेल्वेचे रंग पाहूनच. म्हणजे पडण्यासारखे काही उरले नाही, तरी क्रियापद टिकले. मला हे फार मोलाचे वाटते.

दुसरा प्रतिसाद : ‘लागला’ कडेही बघा. दिवा लागतो हे खरे, पण हिरवाही लागतोच की! तरी नुसते ‘सिग्नल लागला’ म्हटले की लालच. कारण वाटेत नदी लागते, घाट लागतो, तसा हा आडवा येतो. आणि अडलेले ते सुटते. ‘वाहतूक नियंत्रक दिवे’ या सरकारी शब्दात यातले काहीच नाही, म्हणून तो पाटीवरच राहिला. जर्मनांनी छान केले. त्यांचा ‘आम्पेल’ मूळचा टांगता दिवा, चर्चमध्ये असतो तसा. चौकावर तारेला दिवे टांगले तेव्हा जुनाच शब्द कामी आला. रेल्वेच्या हातवाल्या सिग्नलला ‘सेमाफोर’ म्हणत, म्हणून स्पॅनिश ‘सेमाफोरो’त मात्र रेल्वेचा हात अजून आहे.

प्रश्नकर्ती : वडिलांना वाचून दाखवले, खूश झाले. आता ‘सिग्नल तोडला’ चे सांगा. आपण नियम तर मोडतो.

पहिला प्रतिसादक : नियम ‘तोडतात’ ते हिंदीत. हा प्रयोग तिकडूनच आला असावा असे मला वाटते. मी घरी ‘सिग्नल मोडला’ म्हणून पाहिले, तर सगळ्यांना खांबच मोडल्यासारखे वाटले.