'सोलापुरी स्टाइल' चादर, जर्मन चांदी वगैरे : ऑनलाइन लिलावातले तुमचे अनुभव सांगा

लाज बाजूला ठेवून मीच सुरुवात करतो. राहतो सोलापुरात, साखर पेठेत. चादरीचं दुकान घरापासून पाच मिनिटांवर, आणि मी चादर घेतली ऑनलाइन लिलावात! रात्री साडेअकराला. 'विंटेज सोलापुरी स्टाइल जेकार्ड, मोर डिझाइन, रेअर.' बोली 300 पासून सुरू, मी 1,450 ला जिंकलो. जिंकलो म्हणे.

पार्सल आलं तेव्हा सासरे घरी होते. त्यांची उभी हयात पूर्व भागात मागावर गेली. त्यांनी चादर पुरती उलगडलीसुद्धा नाही, नुसता एक कोपरा उलटा केला. "जावईबापू, मोराची पाठ कुठंय?" जेकार्डची नक्षी विणलेली असते, म्हणून ती मागच्या बाजूलाही उमटते, रंगांची अदलाबदल होऊन. इथे मागची बाजू पांढरीफटक. मोर छापलेला, तोही पॉलिस्टरवर.

सोलापुरी चादरीला 2005-06 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, म्हणजे ते नाव तिथल्याच मालाला लावायचं, हे मी तक्रारीत ठासून लिहिलं. विक्रेत्याचं उत्तर आलं: 'आम्ही सोलापुरी म्हटलेलंच नाही, सोलापुरी स्टाइल म्हटलंय. जेकार्ड हे डिझाइनचं नाव आहे.' तक्रार बंद. शेरा: वस्तू वर्णनानुसार.

तर मंडळी, जो शब्द वाचून तुम्ही बोली लावलीत आणि भांडण झाल्यावर तोच शब्द विक्रेत्याच्या कामी आला, असा तुमचा शब्द सांगा. कंपन्यांची आणि विक्रेत्यांची नावं नकोत.

विजापूर रोडवरून

माझा शब्द 'जर्मन सिल्व्हर'. भाचीच्या केळवणाला द्यायला करंडा घेतला. वहिनींना शंका आली म्हणून सराफाकडे नेला, तर त्याने तो काट्यावरही ठेवला नाही. तांबं, निकेल आणि जस्त. चांदी शून्य! बरं, खोटं म्हणावं तर त्या मिश्रधातूचं नावच तसं आहे. मग 'वर्णनाशी जुळत नाही' हे कारण कुठल्या तोंडाने देणार? खुबी अशी की मी 'चांदीचा करंडा' शोधलं तेव्हाच तो समोर आला होता. वर्णनात मात्र चांदी हा शब्द औषधालाही नाही. 'अँटिक फिनिश' म्हणजे नक्षीत भरलेली काळी शाई, ती चिंचेने घासल्यावर दहा मिनिटांत गेली.

जुळे सोलापूर

माझं प्रकरण चादरीएवढ्यावर निभावलं नाही. बँकेच्या ई-लिलावात वन बीएचके घेतला. जाहिरातीतले दोन शब्द वाचले आणि पुढे गेलो: 'जसे आहे, जिथे आहे' आणि 'प्रतीकात्मक ताबा'. म्हटलं, ताबा तो ताबा.

राखीव किमतीच्या 10 टक्के बयाणा आधीच भरलेला. बोली मंजूर झाली की बयाणा धरून 25 टक्के त्याच दिवशी किंवा फार तर कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी, आणि विक्री कायम झाल्यापासून 15 दिवसांत बाकीचे. चुकलात तर भरलेले जप्त. या धावपळीत माणूस कागद वाचत नाही, मेहुण्याला फोन करतो.

पैसे भरून फ्लॅट बघायला गेलो तर दारात रांगोळी. ताजी. आत जुने कर्जदार, त्यांची आई आणि दहावीतली मुलगी. त्यांनी मला पाणी दिलं. प्रतीकात्मक ताबा म्हणजे दारावर नोटीस चिकटवली, पेपरात छापली, एवढंच, माणसं तिथेच. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँकेने सरफेसी, म्हणजे बँकांच्या थकीत कर्जवसुलीच्या, कायद्याच्या कलम 14 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. सात महिने माझा हप्ताही चालू आणि भाडंही.

ताबा मिळाल्यावर मागची वीज थकबाकी निघाली, 38 हजार. मी वकिलांकडे तावातावाने गेलो. ते म्हणाले, सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्येच सांगितलंय: नियमांत तशी तरतूद असेल तर जुन्या मालकाची वीज थकबाकी नव्याकडून मागता येते, आणि 'जसे आहे' तत्त्वावर घेणाऱ्याने चौकशी आधीच करायची असते. सोसायटीचा मेंटेनन्स वेगळा. बँकेने एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं, हेच जास्त झोंबतं.

अशोक चौक

काय बे, लई मोठी मोठी दुखणी हायत की सगळ्यांची! माझं बारकं. जुना फिल्म कॅमेरा. शेवटची चाळीस सेकंदं एकच आयडी माझ्या मागं. मी 4,100, त्यो 4,200. असं करत मी 5,900 वर थांबलो, त्यो 6,000 ला घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी मेसेज: 'विजेत्याने माघार घेतली. तुम्हाला खास दुसरी संधी, फक्त 5,900.' म्हंजे माझीच शेवटची बोली! त्या आयडीचा इतिहास काढला, तर सगळ्या बोल्या ह्याच विक्रेत्याच्या मालावर, आणि जिंकून घेतलेलं काहीच नाही. म्हणलं, ज्यानं बोली चढवली त्यालाच दे जा.

होटगी रोड

वडिलांचं सांगते. त्यांच्याकडे ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट होती. एकाने फोनवर दोन लाख देतो म्हणून 'नोंदणी शुल्क' मागितलं, मग 'कर'. रिझर्व्ह बँकेच्या नावाचा कागदही पाठवला. अशा व्यवहारात आम्ही नाही आणि शुल्कही घेत नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच जाहीर केलं होतं. वडिलांनी ते वाचेपर्यंत साडेचार हजार गेले. नोट पाकिटात आहे अजून.

सात रस्ता

सगळेच हरलेले दिसतायत, मी एक जिंकलेली. लिलावात लॅपटॉप घेतला, 'रिफर्बिश्ड, ग्रेड ए'. ग्रेड कोणाची? विक्रेत्याची स्वतःचीच. तेवढा संशय आल्यामुळे बोलीआधी चॅटवर विचारलं होतं, बॅटरी हेल्थ किती? '80 प्लस मॅडम.' आली ती 41. बॉक्स फोडताना व्हिडिओ काढला होता. विक्रेता 'ग्रेड ए म्हणजे बाहेरून' वर आला, पण 80 चा स्क्रीनशॉट पाठवल्यावर गप्प.

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, नुसता तक्रार क्रमांक मिळाला. मग ऑनलाइनच जिल्हा ग्राहक आयोगात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो तिथे, म्हणजे सोलापुरातच, दावा लावता येतो आणि वस्तूला मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. नोटीस गेल्यावर तीन आठवड्यांत पैसे परत. मात्र माझा विक्रेता धंदेवाला होता. कोणी घरातली जुनी वस्तू एकदाच विकत असेल तर हा रस्ता बहुधा चालत नाही. कॅमेरावाल्यांनी ते बघून घ्या.

पुन्हा साखर पेठ

चादरीचं काय केलं म्हणून तिघांनी विचारलंय. स्कूटर झाकायला काढली. दोन पावसांत मोराची मान गेली. सासऱ्यांनी दुसरी आणून दिलीय, पाठीवरही मोर असलेली. कितीला आणली ते सांगत नाहीत, नुसते हसतात.