मदत हवी आहे: कोंबडीत जीन खरंच नाहीये की फक्त सापडत नाहीये, कसं ठरवायचं?

नमस्कार मंडळी, पक्षी आणि सस्तन प्राण्यांच्या इम्यून जीन्सची तुलना करतेय आणि एका ठिकाणी पार अडकलेय. दोघांचे पूर्वज ३० कोटी वर्षांहून आधी वेगळे झाले, म्हणजे फरक असणारच, पण कोंबडीचं बघून चक्रावायला होतं. माणसाच्या एमएचसी भागात (जंतूंचे तुकडे रोगप्रतिकारक पेशींना दाखवणाऱ्या जीन्सचा भाग) २०० च्या वर जीन्स आणि कोंबडीच्या बी लोकसमध्ये, म्हणजे तिच्या एमएचसी भागात, जेमतेम १९! बरं, सगळे पक्षी असे नाहीत, चिमण्यांच्या गटात एमएचसी जीन्सच्या भरपूर कॉपीज असतात. आरआयजी-आय हा फ्लूचा व्हायरस ओळखणारा जीन बदकात आहे, कोंबडीत नाही, टीएलआर९ हा जंतूंचा डीएनए ओळखणारा जीन पक्ष्यांत नाही पण त्याचं काम टीएलआर२१ करतो, इथपर्यंत समजलं.

आता खरी अडचण. टीएनएफ-अल्फा हा सूज-दाह घडवणारा जीन कोंबडीत नाहीच असं कितीतरी वर्षं मानलं जात होतं, २००४ च्या जीनोममध्येही दिसला नव्हता, आणि मग सापडला, कारण त्या भागात जीसीचं (डीएनएमधल्या जी आणि सी अक्षरांचं) प्रमाण इतकं जास्त की सिक्वेन्सिंगमध्ये तो सुटून जायचा. मग बाकीच्या 'नसलेल्या' जीन्सवर विश्वास कसा ठेवायचा? मी शेजारच्या जीन्सचा क्रम जुळवून बघतेय, आरएनए डेटाही शोधतेय, पण एवढं पुरेसं आहे का? लाँग रीड असेंब्लीवर (डीएनएचे लांब तुकडे वाचून जोडलेल्या जीनोमवर) कोणी असं काम केलं असेल तर प्लीज सांगा, सुरुवात कुठून करू?