पाण्याचे भांडे पालथे घालणारा कुत्रा
कुत्रा पाण्याचे भांडे सारखे पालथे घालत असेल, तर जड भांडे घ्यावे, असे सुचवले जाते; ही सूचना योग्यच आहे. परंतु नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा कुत्रा भांड्यात पंजे घालून पाणी सांडतो तो दरवेळी निव्वळ खोडकरपणा नसतो, कारण ओल्या फरशीवर पोट टेकून पडले की त्याला गारवा मिळतो. म्हणून खेळायला उथळ टब सावलीत वेगळा ठेवावा. पिण्यासाठी तळाशी रुंद व वर निमुळती असलेली सिमेंटची कुंडी घ्यावी, अथवा घरातलेच भांडे त्याला मान फार न वाकवता पिता येईल अशा उंचीवर खिडकीच्या गजांना कडीने घट्ट बसवावे. स्टीलचे भांडे उन्हात तापते, तेवढे टाळावे. भांडे पालथे होताच आपण ओरडत धावलो, तर त्याला तो खेळच वाटतो (आमच्याकडे मुलांना हे पटवणे अधिक कठीण गेले). निमूटपणे फरशी पुसून पुन्हा पाणी भरावे. सांडते म्हणून पाणीच कमी ठेवणे मात्र या उन्हाळ्यात धोक्याचे आहे.