स्काय बेट: तीन रात्री, चार मित्र आणि एकाचा गुडघा

लीड्सकर
नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून कॉलेजचे तीन मित्र येताहेत. एडिनबरा उरकून स्कॉटलंडच्या स्काय बेटावर जायचंय. मुक्काम पोर्ट्रीत, तीन रात्री. यादी: ओल्ड मॅन ऑफ स्टॉर, क्विरँग, किल्ट रॉक, फेअरी पूल्स, नीस्ट पॉइंट, डनवेगनचा किल्ला, एल्गोल आणि टॅलिस्करची व्हिस्कीची डिस्टिलरी. एकाचा गुडघा दुखरा, एक पक्का शाकाहारी. गाडी मी आणि आणखी एक जण चालवणार, त्याच्याकडे भारतातलंच लायसन्स आहे. चालेल का? आणि हे सगळं बसेल, की मी एक्सेलमध्ये मनोरे रचतोय?

माणदेशी
लायसन्स चालतं, आल्यापासून १२ महिने. भाड्याच्या गाडीच्या कागदांत मात्र दुसऱ्या चालकाचं नाव आधीच घालून घ्या. बाकी जाणकार सांगतील.

वाईची लेक
आधी अर्धी यादी खोडा, मग पुढचं वाचा.

आम्ही चौघी शाळेतल्या मैत्रिणी, सगळ्या पन्नाशी ओलांडलेल्या, दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरातच गेलो होतो. नकाशावर स्काय तळहाताएवढं दिसतं, पण तो बोटं फाकलेला पंजा आहे. एका बोटाच्या टोकावरून दुसऱ्याच्या टोकावर जायचं तर आधी तळव्यात परत यावं लागतं. नीस्ट आणि एल्गोल एकाच दिवशी केलंत तर फक्त गाडीची काच बघाल.

त्यात बरेच रस्ते एकपदरी. समोरून कुणी आलं की 'पासिंग प्लेस' नावाच्या फुगवट्याशी थांबायचं. तो डावीकडे असेल तर आत शिरा, उजवीकडे असेल तर त्याच्यासमोर आपल्याच बाजूला थांबा. तिथे गाडी लावून फोटो काढू नका, लोक चिडतात आणि बरोबरच चिडतात. नीस्टच्या वाटेवर घराएवढी कॅम्परव्हॅन समोर आली आणि मला चांगलं लांबवर मागे यावं लागलं. मागच्या दोघींची रामरक्षा सुरू, आणि शेजारची खिडकीतून डोकं काढून घाटातल्या क्लीनरसारखी ओरडतेय, 'येऊ दे, येऊ दे... बस्स!'

स्टॉरला आम्ही पहिल्या दिवशी गेलो. तासभर चढलो ते थेट ढगात. सुमारे पन्नास मीटर उंचीचा सुळका, पण समोर होता की पाठीमागे, देव जाणे. धुक्यात बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, उतरलो. दुसऱ्या दिवशी क्विरँगला निघालो तर पोर्ट्रीच्या बाहेर, लॉक फाडाच्या (लॉक म्हणजे तळं) काठावरून म्हातारा लख्ख दिसला. गुडघेवाल्या मित्राला तिथूनच दाखवा.

क्विरँग सोडू नका. आमच्यातली एक भूगोलाच्या निवृत्त बाई. वाटेवरचा एक दगड उचलून तिने उलटासुलटा केला आणि म्हणाली, 'अगं, हा तर आपल्या पांडवगडावरचा!' काळा कातळ, पोटात पांढरे दाणे, आपल्याकडे विहीर खणताना निघतात तसे. मग भर वाऱ्यात तिने तास घेतला. सह्याद्रीचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, इथला सुमारे ६ कोटी. थरावर थर तसेच. फरक एवढाच की इथे लाव्ह्याखालच्या जुन्या मऊ थरांना वरचं ओझं पेललं नाही आणि अख्खा कडा समुद्राकडे घसरला. ते सुळके, खाचा, वरचं सपाट गवताळ 'टेबल', सगळं त्या घसरण्यातून झालेलं. अजूनही सरकतंच आहे, फ्लॉडिगॅरीजवळचा रस्ता त्यापायी सारखा दुरुस्त करावा लागतो. (दगड जागेवर ठेवला हो, बाईंनी आणू दिला नाही.) पूर्ण फेरी सात किलोमीटरच्या आसपास, पण वाट अरुंद आणि ओली. गुडघेवाल्याने पहिली दहा मिनिटं चालून परत फिरलं तरी पैसे वसूल.

त्याच रस्त्यावर किल्ट रॉक. चालणं जवळपास नाहीच. ९० मीटरचा कडा, नऊवारीच्या निऱ्या असाव्यात तसे खांब, आणि शेजारून मीलटचा धबधबा सरळ समुद्रात. थोडं पुढे किलम्यूअरला फ्लोरा मॅकडोनाल्डची कबर आहे. १७४६ मध्ये ब्रिटिश गादीसाठी लढून हरलेल्या राजपुत्र चार्ल्सला मोलकरणीचा वेश देऊन तिने होडीतून इथे आणलं. आम्ही त्याला आग्र्याहून सुटकाच म्हणत होतो, इथे फक्त पेटारा नव्हता.

नीस्टला संध्याकाळी जा. १९०९ चा दीपगृहाचा मनोरा, कड्याच्या टोकाला. जाताना सिमेंटच्या पायऱ्या उतरायच्या म्हणून हसत जातो आपण, येताना त्याच चढायच्या असतात. वरून पाहिलेला देखावाच खरं तर जास्त सुंदर आहे.

एल्गोल आणि डनवेगन खोडा. फेअरी पूल्स पाऊस उघडला तर.

लीड्सकर
ताई, दंडवत! छत्री की रेनकोट? आणि मिज नावाचे किडे खरंच एवढे वाईट असतात का?

खाडीपलीकडचा
छत्री घरी ठेवा, पहिल्याच झुळकीत उलटी होईल. मिज म्हणजे चिलटाहून बारीक, पण थव्याने येतात आणि कडकडून चावतात. वारा असला की गायब, वारा पडला की हजर. सप्टेंबरात जोर ओसरतो, तरी डोक्यावर चढवायची जाळी घ्या, चारजण त्यात विनोदी दिसाल ते वेगळं. जाताना पुलावरून जा (१९९५ चा पूल, टोल २००४ मध्येच बंद झाला), येताना आर्माडेलहून मॅलेगची फेरी घ्या. गाडीची जागा आधी राखून ठेवा. पुढे वाटेत ग्लेनफिननचा रेल्वेपूल लागतो.

वाईची लेक
शाकाहारी मित्रासाठी: खोलीला स्वयंपाकघर असेल तर मुगाची डाळ, तांदूळ आणि मेतकूट सोबत न्या. ओल्या कपड्यांनी परतल्यावर मऊ भातासारखं काही नाही.

लीड्सकर
सुधारित यादी ग्रुपवर टाकली. गुडघेवाला खूश आहे. शाकाहारी मित्राचा एकच प्रश्न: टॅलिस्कर शाकाहारी असते का?

वाईची लेक
असते, बार्लीच ती. पण गाडी चालवणाऱ्याने तिथे चव घ्यायची नाही. स्कॉटलंडमध्ये दारूची मर्यादा इंग्लंडहून कमी आहे. चालकाचा वाटा छोट्या बाटलीत भरून देतात का ते विचारा, आणि रात्री पोर्ट्रीला आल्यावर प्या.